अक्षराची उंची कुठून मोजायची?

२०२३ साली दिवाळी आटोपली तरी उपनगरांतल्या बाजारपेठांमधल्या शिड्या उतरल्या नव्हत्या. मराठी पाट्या लावण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाने दुकानदारांना दिलेली दोन महिन्यांची मुदत २५ नोव्हेंबरला संपत होती. त्यानंतर महापालिकेची माणसं दारात येणार आणि दुकानातल्या कामगारामागे दोन हजार रुपये दंड पडणार, ही खबर बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत गल्लोगल्ली पोचली होती. कुणी अख्खी पाटी बदलली. कुणी जुन्या इंग्रजी नावाच्या डोक्यावर मराठीची पट्टी बसवली. कुणी स्टिकर मारून मोकळा झाला.

२०२२ च्या दुरुस्तीने मराठी पाट्यांचा कायदा दहापेक्षा कमी कामगार असलेल्या छोट्या दुकानांनाही लागू झाला. त्यात एक अट अक्षरांच्या आकाराची आहे. मराठी अक्षर दुसऱ्या लिपीतल्या अक्षरापेक्षा लहान असता कामा नये. वाचायला अट सोपी आहे, पण फूटपट्टी घेऊन शिडीवर चढलं की पंचाईत होते. इंग्रजीचं कॅपिटल अक्षर वरच्या रेघेपासून खालच्या रेघेपर्यंत मोजलं की झालं. मराठी अक्षर कुठून मोजायचं? मात्रेच्या टोकापासून उकाराच्या शेपटापर्यंत, की शिरोरेषेपासून पायापर्यंत? पहिल्या मापाने दोन्ही नावं कागदावर सारखी भरतात, पण रस्त्यापलीकडून पाहिलं तर मराठी नाव निम्म्या आकाराचं वाटतं.

संगणकावर पाटी जुळवणाऱ्याला हा प्रश्न पडायची सवय राहिलेली नाही. ज्याला तो रोज पडायचा, तो माणूस म्हणजे पेंटर. खडूची दोरी ताणण्याआधीच त्याला उत्तर ठरवावं लागायचं.

तीन मजली अक्षर

देवनागरी अक्षराला तीन मजले असतात. मधल्या मजल्यावर अक्षराचा देह. त्याच्या डोक्यावर शिरोरेषा, आणि शिरोरेषेच्या वर मात्रा, वेलांटी, अनुस्वार, रफार यांची वस्ती. तळमजल्यावर उकार. हिशेब ढोबळ मांडू. पाटी दोन फूट उंच आहे. वर-खाली तीन-तीन इंच सोडले तर लिहायला अठरा इंच उरतात. इंग्रजी कॅपिटल अक्षर हे अठराच्या अठरा इंच वापरतं. मराठीत वरच्या मजल्याला चौथाई आणि तळमजल्याला चौथाई गेली की देहाला नऊच इंच राहतात.

शिवाय हा हिशेब दर शब्दाला बदलतो. लोकलच्या दारात उभं राहून स्टेशनांची नावं या नजरेने वाचून पाहावीत. ‘मालाड’ला वरही काही नाही, खालीही काही नाही. अठरा इंच पट्टीत मालाड अठरा इंचांचं काढता येईल. ‘अंधेरी’, ‘बोरिवली’, ‘घाटकोपर’ ही वरच्या मजल्यावर गजबजलेली नावं. त्यांचा तळमजला रिकामा असतो, म्हणून त्यांना साडेतेरा इंच मिळतील. ‘नाहूर’चं उलट, खाली दीर्घ उकार आणि वर मोकळं आभाळ. आणि ‘मुलुंड’? खाली दोन उकार, वर अनुस्वार. त्याच्या वाट्याला नऊ इंचच येणार.

पण देवनागरी उंचीत जे गमावते ते रुंदीत परत मिळवू शकते. घाटकोपरला इंग्रजीत नऊ अक्षरं लागतात, मराठीत पाच. मुलुंडला इंग्रजीत सहा, मराठीत तीन. म्हणजे पाटीच्या लांबीत मराठीला ऐसपैस जागा उरते. जुन्या पाट्यांवरची अक्षरं बसकी, रुंद आणि जाडजूड दिसतात ती यासाठी. पेंटर अक्षराला आडवं पसरवायचा, दांडा जाड करायचा, वेलांटी उंच न नेता चपटी वळवायचा आणि उकार खाली न सोडता बाजूला ओढायचा. देह जितका मोठा करता येईल तितका करायचा आणि वरखालच्या पाहुण्यांना दाटीवाटीने बसवायचं, ही त्याची रीत. दुरून वाचताना डोळा आधी देहच पकडतो, मात्रा-वेलांट्या नंतर.

दुसरी अडचण दांड्यांची. मराठीतल्या बऱ्याच अक्षरांना उजवीकडे उभा दांडा असतो, त्यात काना आला की आणखी एक. ‘माला’ एवढं लिहिलं तरी चार दांडे ओळीने उभे राहतात. ते समान अंतरावर ठेवले तर शब्दाचं कुंपण होतं. म्हणून काना आपल्या अक्षराला बिलगून काढायचा आणि पुढच्या अक्षराआधी मोकळा श्वास सोडायचा. हे अंतर फूटपट्टीने मोजत नाहीत, नजरेने तोलतात.

तिसरी अडचण शिरोरेषेची. ‘अंधेरी’तल्या ‘ध’च्या डोक्यावरची रेषा डावीकडे तुटलेली असते. शिकाऊ हाताने दोरीवरून सरळ पट्टा मारला तर ध चा घ होतो आणि अंधेरीची ‘अंघेरी’. भांडुपच्या ‘भ’वर हीच गडबड झाली तर ‘मांडुप’. ‘ख’ सैल काढला तर लोक ‘रव’ वाचतात. शाळेत शुद्धलेखनाला गुण जातात, इथे पत्रा खरवडून पुन्हा रंगवावा लागतो.

घाटकोपर-मुलुंडच्या पेंटरला आणखी एक लिपी यावी लागायची. या दोन्ही उपनगरांत गुजराती वस्ती मोठी, त्यामुळे एकाच पाटीवर मराठी, गुजराती आणि इंग्रजी अशी तीन नावं यायची. गुजरातीला शिरोरेषा नाही. देवनागरी अक्षर रेषेला लटकतं, गुजराती आणि रोमन पायावर उभी राहतात. तिन्ही एका घरची दिसावीत म्हणून दांड्याची जाडी सारखी ठेवायची आणि रंग व सावली एकच वापरायची.

रुळांच्या कडेचा बाजार

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही उपनगरं म्हणजे साष्टीतली खेडी होती. शहराशी त्यांना जोडणारा धागा रेल्वेचा. १८५३ ची मुंबई-ठाणे गाडी घाटकोपर-मुलुंडच्या शेतांतून गेली आणि १८६७ मध्ये पश्चिमेची गाडी विरारपर्यंत धावू लागली. १९२० मध्ये मुंबई उपनगर जिल्हा वेगळा झाला आणि ५ जानेवारी १९२८ रोजी कुलाबा ते बोरिवली विजेची लोकल सुरू झाली. महापालिकेची हद्द मात्र इथवर पोचायला बराच काळ लागला. १९५० साली अंधेरीचा पट्टा शहरात आला, आणि बोरिवली-दहिसर व मुलुंड त्यानंतर १९५७ मध्ये.

रोज त्याच वाटेने, त्याच वेळी, हजारो माणसं त्याच भिंतींसमोरून जाऊ लागली, तेव्हा भिंतीला भाव आला. ताशी पन्नास किलोमीटरने धावणारी गाडी एका सेकंदात चौदा मीटर, म्हणजे सेहेचाळीस फूट पुढे सरकते. पाटी रंगवणाऱ्यांचा पश्चिमेतला एक जुना ठोकताळा असा, की अक्षर एक इंच उंच असेल तर ते दहा फुटांवरून आरामात वाचता येतं. तो ठोकताळा रोमन अक्षरांसाठी आहे. मराठीत तो लावायचा तर उंची देहाची धरावी लागते. भिंतीवरच्या फूटभर देहाच्या अक्षराला प्रवाशाच्या डोळ्यात जेमतेम दोन-तीन सेकंद मिळतात. तेवढ्यात एकच नाव मावतं. म्हणून रुळांकडेच्या जाहिरातींत वाक्यं नसायची. वस्तूचं नाव आणि फार तर आणखी एक शब्द.

जगभर त्याच काळात हा धडा गिरवला जात होता. बर्लिनमध्ये १९०६ च्या सुमारास लुसियन बर्नहार्ट या तरुणाने प्रीस्टर नावाच्या काड्यापेटीचं पोस्टर केलं. त्यात दोन काड्या आणि ‘प्रीस्टर’ हा एक शब्द, बाकी सगळी पार्श्वभूमी रिकामी. लंडनच्या भुयारी रेल्वेसाठी एडवर्ड जॉन्स्टनने १९१६ मध्ये साध्या, एकाच जाडीच्या अक्षरांचा टंक आखला, जेणेकरून स्टेशनाचं नाव जाहिरातींच्या गर्दीत हरवू नये. आपल्याकडच्या रेल्वेने हाच प्रश्न रंगाने सोडवला. पिवळ्या पाटीवरचं काळं नाव भोवतीच्या रंगीबेरंगी गर्दीतूनही ओळखू येतं.

फलाटावरच्या जाहिराती बहुधा इनॅमलच्या पत्र्यांवर असायच्या. लोखंडी पत्र्यावर काचेची रंगीत भुकटी पसरून तो सुमारे आठशे अंशांच्या भट्टीत भाजायचा. काच वितळून पत्र्याला घट्ट धरते. दर रंगाची भाजणी वेगळी. असा पत्रा उन्हाने विटत नाही आणि पावसाने सुटत नाही. टवका उडाला तरच तिथून गंज शिरतो. १९३० नंतरच्या दशकात चहाचा खप वाढवणाऱ्या मंडळाने देशभरच्या स्टेशनांवर असे पत्रे ठोकले. चहा कसा करायचा हे त्यांत प्रादेशिक भाषांतून पायरीपायरीने सांगितलेलं असायचं. धावत्या गाडीसाठी एक शब्द आणि फलाटावर ताटकळणाऱ्यासाठी अख्खी पाककृती! वाचणाऱ्याच्या हाती किती वेळ आहे त्यावर मजकूर ठरायचा.

जाहिरातीच्या धंद्याची घडी तोवर बसत आली होती. बी. दत्ताराम आणि कंपनी ही देशातल्या सर्वांत जुन्या जाहिरात संस्थांपैकी एक, १९०५ साली गिरगावात सुरू झाली. चित्रांचा पुरवठा शिळाछापाकडून व्हायचा, आणि त्या कथेत घाटकोपरला मानाचं पान आहे. राजा रविवर्म्याचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला. मळवलीला हलण्याआधी तो घाटकोपरात होता. त्याच्या लक्ष्मी-सरस्वती घराघरांत देव म्हणून गेल्या. पुढे साबण आणि बाळाची औषधं विकणाऱ्या कंपन्यांनी अशाच चित्रांखाली आपली नावं छापून कॅलेंडरं वाटली. देवाला हात जोडताना नजर खालच्या नावावर पडायचीच.

उपनगराने जाहिरातीला एक नावही दिलं. १९२९ साली विलेपार्ल्यात गोळ्या-चॉकलेटांचा कारखाना निघाला आणि त्याने स्टेशनाच्याच नावातला ‘पार्ले’ उचलला. बिस्किटं दहा वर्षांनी आली. पुढे गावापेक्षा बिस्किटाचं नाव लांबवर पोचलं.

पेंटरचा हात

पाटी रंगवणं बाहेरून अक्षर काढण्याचं काम वाटतं. प्रत्यक्षात निम्मा वेळ अक्षराच्या आधीच जातो. पत्रा आधी पॉलिश पेपरने घासायचा. मुंबईच्या खाऱ्या हवेत उघडं लोखंड एका पावसाळ्यात फुगतं, म्हणून पहिला हात रेड लेडचा. हे रेड लेड म्हणजे शिशाचं ऑक्साइड, आपला शेंदूर. वेशीवरच्या देवाला चढणारी वस्तू गंज अडवण्यासाठीही कामी यायची, फक्त ती विषारी. घरगुती रंगांतल्या शिशावर आता कडक मर्यादा आहे, २०१७ पासून दशलक्ष भागांत नव्वद भागांची. लाकडी पाटी असेल तर भेगा लांबीने बुजवायच्या, पुन्हा घासायचं, मग जमिनीच्या रंगाचे दोन हात. पाटीच्या पार्श्वभूमीला पेंटर ‘जमीन’ म्हणतात, कापडाचं विणकाम आणि रांगोळी करणारेही म्हणतात तसंच.

जमीन वाळली की आखणी. खडूची पूड लावलेली दोरी दोन टोकांना ताणून धरायची आणि मधोमध टिचकी मारायची. पाटीवर धारदार पांढरी रेष उमटते. एक रेष शिरोरेषेची, एक पायाची. मात्रा-उकारांसाठी रेष आखत नाहीत, ती जागा नजरेत असते. मग खडूने अक्षरांचे सांगाडे, तेही घाईचे, कारण ते पुसलेच जाणार असतात. इथे पेंटर चार पावलं मागे जाऊन डोळे किलकिले करून पाहतो. डोळे किलकिले केले की बारकावे विरतात आणि शब्दाचा काळा-पांढरा तोल उरतो. कुठे दाटी, कुठे भोक, ते कळतं.

मग ब्रश. रेघेला लांब केसांचा, भरणीला चपटा, कोपऱ्यांना बारीक गोल. पूर्वी खारीच्या आणि मुंगसाच्या केसांचे ब्रश वापरात होते. मुंगसाचे आता वन्यजीव कायद्याने बंद आहेत. ब्रश रंगात बुडवून थेट पाटीवर नेत नाहीत. आधी डब्याच्या झाकणावर किंवा काचेवर तो दोन्ही बाजूंनी ओढून त्याची पात करायची, रंग केसांत सारखा मुरला की मग अक्षर. एनॅमल घट्ट असेल तर ब्रश अडखळतो, टर्पेंटाइन जास्त झालं तर रंग ओघळतो. उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात हे प्रमाण वेगळं.

हात थरथरू नये म्हणून डाव्या हातात काठी. तिच्या टोकाला कापडाचा बोळा बांधलेला, तो पाटीला टेकवायचा आणि काठीवर उजवं मनगट ठेवायचं. जाड दांडा दोन रेघा मारून भरण्यापेक्षा चपट्या ब्रशच्या एका ओढीत काढणं हे कसब. त्यात बोरूचा वारसा आहे. देवनागरी बोरूचा काप रोमन टाकाच्या उलट्या दिशेने असतो, त्यामुळे जाड-बारीक अवयव कुठे यायचे ते ठरून गेलेलं. जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याने आणि राणोजी रावजी आरू यांच्या हाताने एकोणिसाव्या शतकात हे बोरूचं वळण शिशाच्या खिळ्यांत उतरवलं. पुस्तकांतून ते वाचकांच्या डोळ्यांत बसलं आणि पेंटरच्या चपट्या ब्रशने ते पाटीवर आणलं.

शेवटी सावली. सबंध पाटीवर ती एकाच बाजूला, एकाच कोनात, जणू सूर्य एका जागी खिळला आहे. सावलीमुळे अक्षर पाटीपासून वर उचललं जातं आणि कडा स्पष्ट होतात. काचेवरचं काम याच्या नेमकं उलट. तिथे अक्षर मागून, उलटं लिहायचं. आधी अक्षर, मग सावली, सर्वांत शेवटी जमीन. समोरून जे सगळ्यात पुढे दिसणार ते सगळ्यात आधी रंगवायचं. चूक झाली तर झाकायला जागा नाही. सगळं झालं की उजव्या कोपऱ्यात पेंटर आपलं नाव टाकायचा, बहुधा पुढे ‘आर्ट्स’ जोडून. चित्रकाराची सही आणि धंद्याची जाहिरात, दोन्ही एकाच बोटभर जागेत.

रंगांचे कारखानेही याच उपनगरांत होते. भांडुपला एशियन पेंट्सचा, अंधेरीला दांडेकरांच्या कॅम्लिनचा. एशियन पेंट्ससाठी १९५४ मध्ये आर. के. लक्ष्मण यांनी काढलेला गट्टू नावाचा मुलगा पाहा. एका हातात ब्रश, दुसऱ्या हातात रंगाचा डबा. रंगाच्या कंपनीने जाहिरातीसाठी पेंटरलाच उभा केला.

कोल्हापूर ते अंधेरी

अक्षरं रंगवणाऱ्यांचा एक भाऊबंद चित्रं रंगवायचा. त्यांची परंपरा कोल्हापूरची. बाबूराव मेस्त्री आणि त्यांच्या नात्यातले भाऊ आनंदराव नाटकांचे पडदे रंगवायचे. लोकांनी त्यांना ‘पेंटर’ म्हटलं आणि तेच आडनाव झालं. कामाने माणसाचं नाव पुसावं, ही आपल्याकडची जुनी चाल. बाबूराव पेंटरांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली, १९२० मध्ये ‘सैरंध्री’ केला आणि आपल्या चित्रपटांची पोस्टरं स्वतः रंगवली. १९२४ च्या ‘कल्याण खजिना’चं पोस्टर हे आज हाती असलेल्या भारतीय चित्रपट-पोस्टरांमधल्या सर्वांत जुन्यांपैकी एक. त्याच कंपनीत रंगकाम शिकलेले दामले आणि फत्तेलाल पुढे ‘प्रभात’चे संस्थापक झाले.

सिनेमा मुंबईत एकवटला तसे हे हात मुंबईला आले. १९३० नंतर तरुण मकबूल फिदा हुसेन शहरात सिनेमाची होर्डिंगं रंगवत होते, आणि कामाचं मोल चौरस फुटावर ठरायचं. बाबूरावांच्याच गावचे जी. कांबळे व्ही. शांतारामांच्या राजकमलसाठी रंगवत. ‘मुघल-ए-आझम’चा शीशमहाल अंधेरीच्या मोहन स्टुडिओत उभा राहिला आणि १९६० मध्ये तो चित्रपट मराठा मंदिरात झळकला तेव्हा त्याची भव्य चित्रं कांबळ्यांच्या हातची होती. शिवाजी महाराजांचं शासनमान्य चित्रही त्यांचंच.

होर्डिंगचं तंत्र पाटीपेक्षा वेगळं. नटाच्या हातभर फोटोवर चौकटी आखायच्या, तितक्याच चौकटी मोठ्या कापडावर. एका चौकटीत जे आहे ते दुसऱ्या चौकटीत. कापड लाकडी चौकटींवर ताणून, सरस आणि सफेद्याचा हात देऊन, अळशीच्या तेलातले रंग चढवायचे. चित्र तुकड्यातुकड्यांत व्हायचं. पेंटर नटाच्या नाकासमोर उभा असायचा, आणि त्याला अख्खा चेहरा बांबूच्या परांचीवर तुकडे जोडले गेल्यावरच दिसायचा. जवळून पाहिलं तर गालावर हिरवा आणि जांभळा पट्टा, पण रस्त्यावरून तो तजेला वाटायचा. अक्षरांचा आणि चेहऱ्यांचा नियम इथे एकच ठरतो. पाटी रंगवणाऱ्याच्या डोळ्यासाठी नसते, जाणाऱ्याच्या डोळ्यासाठी असते.

शाळेतलं अक्षर, नाटकाचं अक्षर

गुरूच्या हाताखाली रंगाचे डबे धुऊन शिकण्याच्या या विद्येला १९३५ मध्ये शाळेचं दार उघडलं. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये व्ही. एन. आडारकर यांच्या हाताखाली व्यावसायिक कलेचा विभाग सुरू झाला. तोच पुढे उपयोजित कलेची स्वतंत्र संस्था बनला. पाटीवरचं अक्षर आता कागदावर आखलं जाऊ लागलं, आणि पुढे मराठीला अक्षरांचे दोन मोठे कारागीर मिळाले. दोघांचाही या उपनगरांशी संबंध आहे.

एक मुलुंडचे कमल शेडगे. टाइम्स ऑफ इंडियाच्या कलाविभागात काम करता करता त्यांनी मराठी नाटकांची नावं रेखाटली. वर्तमानपत्रातल्या नाटकांच्या जाहिरातींत त्यांचं अक्षर बोटभर जागेतून वाचकाला थांबवायचं, आणि नाटक ऐतिहासिक की फार्स ते नाव वाचण्याआधीच कळायचं. पेंटरने शतकभर मात्रा-उकारांना गोंजारून बसवलं होतं. शेडग्यांनी त्यांनाच नट केलं. वेलांटी तलवार होऊ शकते, उकार चाबूक होऊ शकतो. तीन मजल्यांची अडचण त्यांच्या हातात सोय झाली. २०२० मध्ये ते गेले.

दुसरे र. कृ. जोशी. पवईच्या आयआयटीतल्या औद्योगिक आरेखन केंद्रात त्यांनी १९८३ पासून शिकवलं. संगणकांवर वर्षानुवर्षं दिसणारा ‘मंगल’ हा देवनागरी टंक त्यांच्याच हातचा. सरकारी कागदापासून दुकानाच्या पावतीपर्यंत तो पोचला. पण टंक कागदाच्या आणि पडद्याच्या अंतरासाठी आखलेला असतो, हातभर अंतरासाठी. तोच ताणून दहा फुटांच्या पाटीवर बसवला की दांडे बारीक आणि मात्रा लांब दिसू लागतात. दोष टंकाचा नाही. तो ज्या अंतरासाठी घडला ते अंतर बदललं.

फ्लेक्स आणि वारा

१९९० नंतर विनाइल आणि मग फ्लेक्स आले. दोन दिवसांचं काम दोन तासांवर आलं, फोटो हवा तेवढा मोठा करता आला आणि दरही उतरला. दुकानदाराने यात काही चूक केली नाही. पेंटरच्या हातचं एकेक काम सुटत गेलं. १९९५ च्या विद्रूपीकरणविरोधी कायद्याने भिंती मोकळ्या केल्या. २०१९ च्या एप्रिलपासून नव्या गाड्यांना कारखान्यातूनच उठावदार नंबर प्लेट येऊ लागल्या आणि गॅरेजच्या बाहेर बसणाऱ्याचं हक्काचं कामही गेलं.

पेंटरबरोबर एक माप गेलं, त्याकडे मात्र लक्ष गेलं नाही. हाताने रंगवलेल्या पाटीचा आकार शिडी, परांची आणि माणसाच्या हाताच्या आवाक्याने बांधलेला असायचा. छापलेल्या फ्लेक्सला तसं बंधन नाही. १३ मे २०२४ च्या दुपारी आलेल्या वादळात घाटकोपरच्या छेडानगरात पेट्रोल पंपावर होर्डिंग कोसळलं आणि सतरा माणसं गेली. ते होर्डिंग १२० फूट बाय १२० फूट होतं. महापालिकेची कमाल मर्यादा चाळीस बाय चाळीसची. बाजू तिप्पट, म्हणजे क्षेत्रफळ नऊपट, आणि वारा क्षेत्रफळावर जोर लावतो.

यावर कायदा नव्हता असं नाही. लंडनने छपरांवरच्या उघड्या अक्षरांना १८९१ मध्येच मनाई केली होती. मुंबई महापालिकेच्या १८८८ च्या कायद्यात कलम ३२८ अशाच फलकांचं आहे. आपल्याकडच्या पालिकांनी त्याला सुंदर मराठी शब्द दिला आहे, आकाशचिन्ह. आभाळावर कोरलेलं चिन्ह खाली येतं तेव्हा काय होतं, ते घाटकोपरने पाहिलं.

मोजायचं कसं

ब्रश पूर्ण थांबलेला नाही. अंधेरीच्या पश्चिमेला वेसाव्यात १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद असते. होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, डागडुजी आणि रंगकाम चालू असतं. नारळी पौर्णिमेआधी होडीवर नाव आणि नोंदणीचा नंबर पुन्हा ताजा करायचा असतो. होडीच्या वळणदार फळीवर फ्लेक्स बसत नाही आणि खाऱ्या पाण्यात स्टिकर टिकत नाही. तिथे शिरोरेषा फळीच्या वळणाबरोबर वाकवावी लागते, आणि हे हातालाच जमतं. नाक्यानाक्यांवर पक्षांच्या शाखांबाहेरचे, मंडळांचे फळेही हातानेच लिहिले जातात. दुसरीकडे मुंबईतल्याच ‘एक टाइप’सारख्या संस्था पाटीवर शोभतील असे जाड, बसके, मोठ्या देहाचे देवनागरी टंक घडवत आहेत. पेंटरचं ज्ञान तिथे संगणकात उतरतं आहे.

तेव्हा शिडीवरचा प्रश्न. पेंटरचं उत्तर सरळ आहे. शिरोरेषेपासून पायापर्यंत, म्हणजे देह मोजा. इंग्रजी कॅपिटलची जी उंची, तीच मराठीच्या देहाची धरा. मग मात्रा-उकारांना जागा हवी म्हणून मराठीची पट्टी आपोआप मोठी होईल, दीडपट, कधी दुप्पट. हा मराठीला दिलेला मान नाही. तीन मजली घराला बैठ्या घराएवढाच प्लॉट दिला तर वरच्या खोल्या बुटक्या होतात, इतका साधा हिशेब आहे.

पुढच्या वेळी मुलुंडला उतरलात तर पिवळ्या पाटीकडे क्षणभर पाहा. तीन अक्षरं, दोन उकार, एक अनुस्वार. मग पुलावरून खाली बाजारात या, कुठलीही पाटी निवडा आणि चार पावलं मागे सरून डोळे किलकिले करा. जे नाव तरीही वाचता येतं, ते मोजून काढलेलं आहे.